अंदाज शहराचा नव्हे, वस्तीचा!

२६ जुलै २००५ या दिवसाची नोंद हवामानशास्त्राच्या दप्तरात दोन आकड्यांनी झालेली आहे. त्या दिवसाच्या २४ तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच शहरातील कुलाब्याच्या वेधशाळेत अवघा ७३ मिलिमीटर. या दोन ठिकाणांमधील अंतर सुमारे वीस-बावीस किलोमीटर. एका टोकाला जलप्रलय आणि दुसऱ्या टोकाला मुंबईकर ज्याची फारशी दखलही घेणार नाही, असा पावसाळ्यातील नेहमीचा दिवस! चारशेहून अधिक मुंबईकरांचे प्राण घेणाऱ्या त्या पुराने हवामानशास्त्रज्ञ, अभियंते आणि विद्यापीठांतील संशोधक या सर्वांपुढे एकच प्रश्न ठेवला. ‘मुंबईत जोरदार पाऊस पडेल’ या वाक्याला कितपत अर्थ उरतो?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे काम गेली वीस वर्षे सुरू आहे. हवामानबदल हा शब्द आता शाळकरी मुलांनाही परिचित झाला आहे. परंतु बदलत्या हवामानाचे ज्ञान नागरिकाच्या दारापर्यंत पोहोचते ते अशाच स्थानिक प्रश्नांच्या वाटेने. पृथ्वीचे तापमान किती अंशांनी वाढले, हे कळल्याने कुर्ल्याच्या रहिवाशाला दुपारी घराबाहेर पडावे की नाही, हे कळत नाही. जागतिक विज्ञान आणि गल्लीतले पाणी यांमधील ही दरी सांधण्याचे काम विद्यापीठीय संशोधनाने कसे हाती घेतले आणि ते कोठे अडले आहे, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक ठरते.

दिवसाचा पाऊस, तासाचा नाला

सर्वप्रथम मोजमापाच्या भाषेतील एक भेद लक्षात घ्यावयास हवा. भारतीय हवामानशास्त्र विभागाची पावसाची वर्गवारी २४ तासांच्या नोंदीवर आधारलेली आहे. ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर म्हणजे अतिजोरदार आणि त्यापुढे अत्यंत जोरदार. शेती, धरणे आणि मोठ्या नद्या यांच्या दृष्टीने हे मोजमाप उपयुक्त आहे. शहरातील पर्जन्यजलवाहिनी मात्र दिवसाचा हिशेब जाणत नाही. तिला तासाचाच हिशेब कळतो.

उदाहरणच घ्यावयाचे तर १०० मिलिमीटर पाऊस दिवसभर संथपणे पडला तर तासाला सरासरी चार मिलिमीटर पाणी वाहून न्यावे लागते. तेवढे पाणी कोणताही नाला सहज पोटात घेतो. तोच १०० मिलिमीटर पाऊस दोन तासांत कोसळला तर ताशी वेग ५० मिलिमीटर होतो आणि सखल भागात पाणी तुंबू लागते. दोन्ही दिवसांची दैनंदिन नोंद सारखीच असते. अनुभव मात्र अगदी भिन्न असतो.

मुंबईच्या जुन्या पर्जन्यजलवाहिन्यांची रचना ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेता येईल, या हिशेबाने झाली होती. ही क्षमता ताशी ५० मिलिमीटरपर्यंत वाढवावी, अशी शिफारस ‘ब्रिमस्टोवॅड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९९३ च्या अहवालात करण्यात आली होती. २६ जुलैला दुपारी अडीच ते साडेतीन या एका तासात सांताक्रूझ येथे १९० मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे जुन्या वाहिन्यांच्या क्षमतेच्या सुमारे साडेसातपट. एका चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर दहा लाख लिटर पाणी साचते, हे गणित ध्यानी घेतले म्हणजे एका तासात प्रत्येक चौरस किलोमीटरवर १९ कोटी लिटर पाणी उतरल्याचे दिसते. त्यातच भरतीची वेळ. समुद्राकडे तोंड असलेल्या नाल्यांना पाणी सोडण्यास वावच उरला नव्हता.

या पुरानंतर राज्य सरकारने ज्येष्ठ जलतज्ज्ञ डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. तिचा अहवाल २००६ मध्ये सादर झाला. पुढील काळात हाजीअली, ईर्ला, लव्हग्रोव्ह, क्लिव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंध येथे उदंचन केंद्रे उभी राहिली. पंपांनी पाणी समुद्रात फेकता येते खरे; परंतु कोठे आणि केव्हा किती पाणी येणार आहे, हे आधी कळल्यास या यंत्रणेचा खरा उपयोग होतो.

अंदाजाची चाळणी

हे आधी का कळत नाही? त्यासाठी हवामानाचा अंदाज कसा तयार होतो, ते पाहावे लागेल. संगणकीय प्रारूपात वातावरणाची चौकटींमध्ये विभागणी केलेली असते. प्रत्येक चौकटीतील तापमान, आर्द्रता, वारा आणि हवेचा दाब यांचे भौतिकशास्त्राच्या समीकरणांनी पुढील काही तासांचे व दिवसांचे गणित मांडले जाते. चौकटीच्या आत काय घडते, याची मात्र सरासरीच हाती येते.

बृहन्मुंबईचे क्षेत्रफळ ढोबळमानाने साडेचारशे चौरस किलोमीटर आहे. बारा किलोमीटर बाजूच्या चौकटींच्या प्रारूपात एक चौकट १४४ चौरस किलोमीटरची होते. म्हणजे संपूर्ण मुंबई जेमतेम तीन-चार चौकटींत मावते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली आणि मे २०२५ मध्ये कार्यान्वित झालेली ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटर बाजूच्या चौकटी वापरते. त्यामुळे हीच संख्या बारा-तेरापर्यंत जाते. ही प्रगती मोठीच आहे. परंतु पावसाचा एखादा प्रबळ ढग काही किलोमीटरच्या परिसरातच रिता होतो. चाळणीची भोके मोठी असली की बारीक दाणे निसटून जातात, तसे हे ढग चौकटींतून निसटतात.

२००५ मध्ये तर ही चाळणी आणखीच विरळ होती. त्या वेळच्या जागतिक प्रारूपांना इतका पाऊस नेमक्या जागी दाखविता आला नाही. पुढे अनेक संशोधकगटांनी अधिक सूक्ष्म प्रारूपांच्या साहाय्याने त्या दिवसाची संगणकावर पुनर्रचना केली, तेव्हा मोठ्या पावसाचे चित्र बऱ्याच अंशी उमटले. अर्थात घडून गेलेल्या घटनेची पुनर्रचना करणे आणि घडण्यापूर्वी ती सांगणे, यांत मोठेच अंतर आहे.

आधी मोजू या

या अंतराचा पहिला भाग मोजमापाने भरून निघतो. पुराच्या वेळी मुंबईसारख्या महानगराचा पाऊस प्रामुख्याने कुलाबा आणि सांताक्रूझ या हवामान विभागाच्या दोन केंद्रांवरून ओळखला जात असे. मधल्या आणि भोवतालच्या वस्त्यांत प्रत्यक्ष काय पडते आहे, हे तत्क्षणी कळण्याची सोय नव्हती. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजेच मुंबई आयआयटीतील स्थापत्य अभियांत्रिकीचे प्राध्यापक कपिल गुप्ता यांच्या मार्गदर्शनाने महापालिकेने २००६ च्या पावसाळ्यात शहरभर ३५ स्वयंचलित केंद्रांचे जाळे उभे केले. ही केंद्रे दर १५ मिनिटांनी पावसाची नोंद कळवू लागली. पुढे त्यांची संख्या वाढत गेली.

वरवर पाहता ही बाब साधी वाटते. पर्जन्यमापक बसविण्यात संशोधन ते कोणते? परंतु या नोंदींमुळेच एकाच दिवशी शहराच्या दोन भागांत पाऊस किती भिन्न असतो, कोणत्या वेगाने पडतो आणि कोणत्या दिशेने सरकतो, हे वर्षानुवर्षांच्या आकड्यांतून प्रथमच दिसू लागले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये शहरी पुरांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. शहरांमध्ये दर चार चौरस किलोमीटरला एक स्वयंचलित पर्जन्यमापक असावा, असे त्यांत सुचविण्यात आले. या निकषाने मुंबईला शंभराहून अधिक केंद्रे लागतात. रडारचीही अशीच गोष्ट. २००५ मध्ये मुंबईत डॉप्लर रडार नव्हते. आज कुलाब्याच्या रडारखेरीज वेरावलीचे रडारही उपलब्ध आहे. त्याचे उद्‌घाटन जानेवारी २०२२ मध्ये झाले. रडार ढगातील पावसाचा वेध घेते, तर पर्जन्यमापक जमिनीवर पोहोचलेले पाणी मोजतो. एकाची दुसऱ्याशी पडताळणी केल्याखेरीज दोहोंवर पुरता विश्वास ठेवता येत नाही.

पाऊस वाढला की बदलला?

मोजमापाच्या जोडीला दुसरा प्रश्न येतो. असे प्रसंग यापुढे वाढणार आहेत काय? तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले की हवेची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे सात टक्क्यांनी वाढते, हा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तथापि बाष्प वाढले म्हणजे सर्वत्र सारखाच पाऊस वाढेल, असे नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील डॉ. भूपेंद्रनाथ गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात १९५१ ते २००० या काळातील मध्य भारताच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. मोसमी पावसाची सरासरी फारशी बदलली नसली तरी अतिवृष्टीचे प्रसंग वाढले आहेत आणि मध्यम पावसाचे घटले आहेत, असा त्याचा निष्कर्ष होता. २०१२ मध्ये मुंबई आयआयटीचे प्रा. सुबिमल घोष आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर क्लायमेट चेंज’मधून वेगळा मुद्दा पुढे आणला. देशभर अतिवृष्टीत एकसारखी वाढ दिसत नाही. मात्र एका ठिकाणापासून दुसऱ्या ठिकाणापर्यंतचा फरक वाढत चालला आहे, असे त्यांनी दाखविले. त्यानंतर २०१७ मध्ये पुण्याच्याच संस्थेतील डॉ. रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत क्षेत्रावर पसरणारे अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढल्याचे निदर्शनास आले. त्यासाठी लागणारे बाष्प अरबी समुद्रावरील वाऱ्यांतून येते, हेही त्यांनी सांगितले.

या निष्कर्षांत विसंगती आहे, असे वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः ते एकाच चित्राकडे निरनिराळ्या अंतरांवरून पाहतात. मोठ्या प्रदेशाची बेरीज केली की अतिवृष्टी वाढलेली दिसते. एकेका ठिकाणाकडे पाहिले की कोठे वाढ, कोठे घट आणि एकूण अनिश्चितता दिसते. शहराच्या नियोजनकारासाठी या सर्वांचा मथितार्थ एकच आहे. सरासरीवर विसंबून नाले बांधता येणार नाहीत आणि शेजारच्या गावाचा अनुभव आपल्याला लागू पडेल, असेही गृहीत धरता येणार नाही.

केरळमध्ये कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाने याच किनारपट्टीचा अभ्यास आणखी पुढे नेला आहे. या विद्यापीठाचे स्वतःचे वातावरणीय रडार संशोधन केंद्र आहे. २०१८ आणि २०१९ अशी सलग दोन वर्षे केरळमध्ये पूर आल्यानंतर तेथील संशोधकांच्या सहभागाने २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पश्चिम किनाऱ्यावरील मोसमी ढगांची रचनाच बदलत असून पूर्वीच्या तुलनेत उंच, खोल ढग तयार होत असल्याचे त्यात मांडण्यात आले. दोन तासांत ५० मिलिमीटरहून अधिक पाऊस देणाऱ्या अशा प्रसंगांना या संशोधकांनी लघु ढगफुटीसारख्या वेगळ्या वर्गात ठेवले. कोकणची भूरचनाही समुद्र आणि सह्याद्री यांच्यामधील अरुंद पट्टीची असल्याने हे निरीक्षण महाराष्ट्रासाठी तितकेच महत्त्वाचे ठरते.

पावसापासून पाण्यापर्यंत

पाऊस किती पडेल हे सांगितल्यावरही काम संपत नाही. पाणी कोठे साचेल, हा त्यापुढचा प्रश्न. त्यासाठी जमिनीचे चढउतार, नाल्यांची रुंदी, रस्त्यांची उंची, बांधकामे आणि समुद्राची भरती-ओहोटी यांचे एकत्र गणित मांडावे लागते. केंद्रीय पृथ्वीविज्ञान मंत्रालय आणि महापालिका यांची ‘आयफ्लोज-मुंबई’ ही पूर इशारा प्रणाली जून २०२० मध्ये सुरू झाली. ती याच तत्त्वावर उभी आहे.

मुंबई आयआयटीतील हवामान अभ्यास केंद्राचा प्रयत्न या दिशेने आणखी एक पाऊल पुढे टाकणारा आहे. या केंद्राची मुळे २०१२ मध्ये सुरू झालेल्या आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमात आहेत. प्रा. घोष आणि त्यांचे सहकारी यांनी शहरातील केंद्रनिहाय, तासागणिक पावसाचा प्रायोगिक अंदाज देण्याचे काम हाती घेतले. त्याची पद्धत समजण्यास कठीण नाही. जागतिक प्रारूपाचा ढोबळ अंदाज एका बाजूला आणि शहरातील प्रत्येक केंद्रावर गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष पडलेला पाऊस दुसऱ्या बाजूला, अशी सांगड घालून प्रारूप कोठे व किती चुकते, हे संगणकाला शिकविले जाते. मग नव्या अंदाजात ती दुरुस्ती केली जाते. २००६ पासून जमा झालेल्या १५-१५ मिनिटांच्या नोंदी नसत्या तर हे शिक्षण अशक्यच होते. वीस वर्षांपूर्वी बसविलेल्या पर्जन्यमापकांचे मोल आज कळते आहे, ते असे.

या प्रयोगात नागरिकांनाही स्थान आहे. आपल्या रस्त्यावर पाणी घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत, हे मोबाइलवरून कळविता येते. या नोंदी संशोधकांना प्रारूपाच्या पडताळणीसाठी उपयोगी पडतात.

विद्यापीठच का?

हवामान विभाग असताना हे काम शिक्षणसंस्थेने का करावे, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर कामाच्या स्वरूपात आहे. शासकीय यंत्रणेला दररोज, न चुकता, संपूर्ण देशाचा अंदाज द्यावा लागतो. नवी पद्धत फसली तर काय, हा धोका ती सहजासहजी पत्करू शकत नाही. विद्यापीठाला प्रयोग करण्याची आणि तो फसल्याचे सांगण्याचीही मुभा असते. शिवाय हा विषय एकाच शाखेत मावणारा नाही. ढग हा भौतिकशास्त्राचा विषय, नाला स्थापत्य अभियांत्रिकीचा, संगणकीय शिक्षण गणिताचा आणि इशारा मिळूनही लोक घराबाहेर का पडतात, हा प्रश्न समाजशास्त्राचा. या चारही शाखा एकाच आवारात असण्याची शक्यता विद्यापीठातच अधिक.

तिसरे कारण मनुष्यबळाचे आहे. प्रत्येक संशोधन प्रकल्पातून प्रबंध बाहेर पडतो, तसाच प्रशिक्षित तरुणही बाहेर पडतो. महापालिकांच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षांना उद्या रडारची प्रतिमा वाचू शकणारे, प्रारूपाच्या मर्यादा जाणणारे अधिकारी लागणार आहेत. ते अशा अभ्यासक्रमांतूनच येऊ शकतात.

कोठे अडते?

येथेच या व्यवस्थेचे दुबळेपण उघड होते. संशोधन प्रकल्पाला ठरावीक मुदतीचा निधी मिळतो. विद्यार्थी पीएच.डी. पूर्ण करून निघून जातो, उपकरणे मात्र देखभालीच्या प्रतीक्षेत राहतात. प्रयोग यशस्वी झाल्यावर तो कायमस्वरूपी सेवेत रूपांतरित करण्याची जबाबदारी विद्यापीठाची की शासनाची, हे बहुधा स्पष्ट नसते. प्रायोगिक अंदाज आणि अधिकृत इशारा यांत फरक आहे. लोकांनी विसंबून राहावे, तो अधिकृत इशाऱ्यावरच. म्हणूनच प्रयोगशाळेतील ज्ञान अधिकृत यंत्रणेत मुरण्याची निश्चित वाट असणे अगत्याचे आहे.

दुसरी उणीव भूगोलाची. मुंबईला आयआयटी लाभली, महापालिकेचे मोठे अंदाजपत्रक लाभले. चिपळूण आणि महाड यांना हे भाग्य नाही. २२ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या २४ तासांत महाबळेश्वर येथे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच सुमारास चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्याखाली गेली आणि महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक ग्रामस्थांचा बळी गेला. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाअंतर्गत महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत. तथापि सह्याद्रीत माथ्यावरचा आणि पायथ्याचा पाऊस एकसारखा नसतो. मंडळातील एकुलत्या केंद्राची नोंद डोंगरउतारावरील वाडीला लागू पडेलच, असे नाही.

महाविद्यालयांच्या अंगणात

यावर एक वाट महाविद्यालयांच्या अंगणातून जाते. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये दिलेल्या निकालानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य होण्याचा मार्ग मोकळा झाला आणि पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवी स्तरावर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. आयोगाने २०२३ मध्ये त्याची नवी चौकट जाहीर केली. तीत हवामानबदलाबरोबरच क्षेत्रीय कार्यालाही स्थान आहे. परंतु अनेक ठिकाणी हे क्षेत्रीय कार्य दुसऱ्याच्या वहीतून उतरविलेल्या प्रकल्पापुरते उरते, हे शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही जाणतात.

याऐवजी प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात एक प्रमाणित पर्जन्यमापक बसवून त्याची रोजची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवली तर? ही कल्पना स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतील फोर्ट कॉलिन्स या शहरात २८ जुलै १९९७ रोजी असाच विषम पाऊस पडून पूर आला; शहराच्या एका भागात प्रलय आणि दुसऱ्या भागात साधा पाऊस. त्यानंतर १९९८ मध्ये तेथील कोलोरॅडो राज्य विद्यापीठातील हवामान केंद्राने स्वयंसेवक नागरिकांच्या हाती साधे पर्जन्यमापक देऊन नोंदींचे जाळे विणावयास प्रारंभ केला. आज ते जाळे देशभर पसरले असून हजारो लोक रोज सकाळी आपल्या अंगणातील पाऊस कळवितात. हवामान यंत्रणा आणि संशोधक या नोंदींचा उपयोग करतात.

कोकणातील तालुक्यांच्या ठिकाणी आज महाविद्यालये आहेत, विज्ञानाचे प्राध्यापक आहेत आणि पर्यावरणाचा अनिवार्य तासही आहे. नोंदी एका पद्धतीने व्हाव्यात, त्यांची तपासणी व्हावी आणि त्या हवामान विभागापर्यंत पोहोचाव्यात, एवढी शिस्त विद्यापीठांनी लावली तर परीक्षेपुरता उरलेला विषय गावाच्या उपयोगी पडेल. अंगणातील साधा पर्जन्यमापक आगामी तासाचा इशारा देऊ शकणार नाही, हे खरे. त्यासाठी स्वयंचलित केंद्रे आणि रडारच हवीत. परंतु मुंबईच्या अनुभवाने दाखविल्याप्रमाणे, आज नोंदलेला पाऊस दहा-वीस वर्षांनी अंदाजाचा पाया बनतो. जेथे नोंदच नाही, तेथे उद्याच्या सर्वांत प्रगत संगणकालाही शिकण्यासारखे काही सापडणार नाही.